बंगई कुठे थांबली

नाना गेल्याची बातमी आली तेव्हा मी आठवीच्या वर्गात उष्णता कशी वाहते ते शिकवत होते. साक्रीच्या आमच्या शाळेत वर्गात फोन न्यायचा नाही असा नियम आहे, आणि तो मीच भांडून करायला लावलेला असल्यामुळे मोडायची सोय नाही. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत येऊन पर्स उघडली तर ग्रुपवर नसरीनचा निरोप होता. 'नाना आज सकाळी गेले. दवाखान्यात. अक्का जवळ होत्या.' एवढंच. मी खुर्चीत बसले, डबा उघडला आणि तसाच बंद केला...

आमच्या त्या ग्रुपचं नाव 'बंगई'. झोपाळ्याला आमच्या खानदेशात बंगई म्हणतात. नानांच्या रविवारच्या गोष्टींच्या वर्गात वेगवेगळ्या वर्षी शिकून गेलेले आम्ही वीस-बावीस जण त्यात आहोत. त्या ग्रुपची एक रीत आहे. कोणाची बदली होवो, कोणाला मुलगी होवो, कोणाच्या घरावर स्लॅब पडो, बाकीच्यांनी खाली एकच शब्द लिहायचा, 'किर्र'. अंगठे नाहीत, फुलं नाहीत, हात जोडलेली चित्रं तर नाहीतच. त्या दिवशी नसरीनच्या निरोपाखाली संध्याकाळपर्यंत एकही 'किर्र' आला नाही. बाहेरच्या माणसाला वाटलं असतं की कसली ही पोरं, साधी श्रद्धांजली वाहायला कोणाला सवड नाही. पण आम्हाला त्या गप्प बसण्याचा अर्थ पाठ होता. किर्र थांबलं म्हणजे सांगितलेली गोष्ट पटलेली नाही.

आता हे नीट सांगायला हवं. दामोदरनानांनी उभा जन्म जळगावच्या एका शाळेत भूमिती शिकवली आणि निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला निघतात तसे ते गोष्टींच्या मागे लागले. पिंप्राळ्यात त्यांचं दोन खोल्यांचं घर, पुढे ओटा आणि ओट्यावर लोखंडी कड्यांची सागवानी बंगई. दर रविवारी सकाळी नऊ वाजता गल्लीतली पोरं तिथे जमायची. फी नव्हती. अट एकच, प्रत्येकाने आपली पाळी आली की गोष्ट सांगायची. घरी ऐकलेली, पूजेत ऐकलेली, शेजारणीने सांगितलेली, स्वतःची, कोणतीही. सांगणाऱ्याने खाली पाटावर बसायचं आणि नाना वर बंगईवर. आपल्याकडे गोष्ट ऐकणारा 'हूं' म्हणत राहतो, नाहीतर सांगणाऱ्याला पुढे जाववत नाही. नाना तोंडाने 'हूं' म्हणत नसत. एका पायाने बंगईला हलका रेटा देत राहायचे आणि कड्या किर्र, किर्र वाजायच्या. तोच त्यांचा हुंकार. गोष्टीत जिथे त्यांना शंका आली तिथे पाय जमिनीवर टेकायचा. बंगई थांबायची. मग सांगणाऱ्याने तिथून पुढे जायचं नाही, जे काय अडलंय ते आधी सोडवायचं. अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, तेलाची वाटी घेऊन कितीदा तरी बाहेर यायच्या, की कान किटले हो, दोन थेंब घालू द्या. नाना म्हणायचे, "तेल घातलंस तर माझी वाचा जाईल."

वर्ग संपला की शंभर पानी वहीत प्रत्येकाने एक ओळ लिहायची, 'आज बंगई कुठे थांबली'. अशा सतरा-अठरा वह्या झाल्या होत्या. त्या वाचताना अजून हसू येतं. एका मुलाने लिहिलंय, 'राजाने एका रात्रीत महाल बांधला तिथे थांबली. गवंडी जेवले कधी, असं नाना म्हणाले.' दुसऱ्याने घरच्या देवाच्या तसबिरीतून आपोआप अंगारा पडतो ही गोष्ट सांगितली होती. त्याच्या नावापुढे आहे, 'अंगारा पडला तिथे थांबली. पंखा कोणत्या भिंतीला आहे ते पाहून यायचं आहे.' पुढच्या रविवारी त्यानेच लिहिलंय, 'पंखा उदबत्तीसमोर आहे. आईला सांगितलं नाही.' पूजेच्या कथेत लेक प्रसाद न घेता धावली म्हणून व्यापाऱ्याचं जहाज बुडतं, तिथे तर बंगई थांबायच्या आधी एका मुलीनेच हात वर केला होता, की जहाजावरच्या नावाड्यांनी काय केलं होतं? नानांनी तिला त्या दिवशी स्वतःच्या शेजारी बंगईवर बसवलं. आम्हा पोरांच्या हिशेबी याहून मोठा मान जळगाव जिल्ह्यात नव्हता.

नाना आम्हाला देवधर्माविरुद्ध काही शिकवत होते असं कोणाला वाटेल म्हणून मुद्दाम सांगते, तसं अजिबात नव्हतं. अक्का अतिशय देवभोळ्या. त्यांच्या देवघरात इतके देव होते की नवा आला तर जुन्याला सरकून बसावं लागे. नाना रोज सकाळी कंपाउंडमधली जास्वंद तोडून त्यांच्या परडीत आणून टाकायचे, पण देवघरासमोर उभे राहिलेले कोणी पाहिले नाहीत. आम्ही विचारायचो, "नाना, तुम्ही देव मानता का?" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "पुढच्या रविवारी सांगतो." मी पाचवीत असताना पहिल्यांदा विचारलं होतं. आता माझी मुलगी पाचवीत आहे.

आणि हा माणूस स्वतः सांगताना बेरकी होता. नाना गोष्ट सांगायला लागले की बंगई थांबवायचा हक्क आमचा, ज्याला शंका येईल त्याने उठून कडी धरायची. एकदा त्यांनी गिरणेच्या पुरात उडी मारून एका वासराला कसं वाचवलं ते असं काही रंगवलं की आम्ही श्वास रोखून ऐकत होतो. नसरीन उठली आणि कडी धरून म्हणाली, "नाना, तुम्हाला पोहता येतं?" नानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "नाही येत." मग स्वतःच वही ओढून लिहिलं, 'पाण्यात उडी मारली तिथे थांबली.' खाली सही केली. ते पान मी अनेकदा काढून पाहिलेलं आहे.

नसरीनचं नाव आलंच आहे तर आता माझी गोष्ट सांगते. नाना म्हटलं की मला तीच आधी आठवते. नसरीन माझी शाळेतली आणि वर्गातली मैत्रीण. तिचे अब्बा शिंपी, शनिपेठेत मशीन घालून बसायचे. माझे वडील, त्यांना आम्ही भाऊ म्हणतो, डाळ मिलमध्ये कामाला होते आणि एका जुन्या स्कूटरवर जायचे-यायचे. आम्ही बारा वर्षांच्या होतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या घरी कानबाई बसायची. खानदेशातल्या वाचकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते की कानबाई ही आमची पाहुणी देवी. नारळाला नथ-डोळे लावून तिला सजवायचं, सगळ्या भाऊबंदांनी जमायचं, जागरण करून गाणी म्हणायची आणि सोमवारी वाजतगाजत, फुगड्या घालत तिला निरोप द्यायचा. तिच्या नैवेद्याचे रोट असतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठी मोजून गहू घ्यायचे आणि त्याचे ते जाड रोट करायचे. आमच्या घरी त्याचा नियम कडक. रोट भाऊबंदांनीच खायचा. बाहेरच्याला त्यातला कणही जाता कामा नये. गेला तर देवी कोपते.

मंगळवारी शाळेत नसरीनने माझ्या डब्यात डोकावून विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, रोट. ती म्हणाली, कसा लागतो? आता याला काय उत्तर देणार? मी तुकडा मोडून तिच्या हातावर ठेवला. खाऊन ती म्हणाली, "कोरडा आहे." एवढाच तो गुन्हा. बुधवारी संध्याकाळी मिलमधून येताना भाऊ रेल्वे फाटकाजवळ स्कूटरवरून पडले आणि त्यांचा उजवा पाय मोडला.

त्यांना रिक्षात घालून घरी आणलं, मग प्लास्टर झालं, शेजारीपाजारी येऊन गेले. गर्दी ओसरल्यावर आई स्वयंपाकघरात स्वतःशीच म्हणाली, "कोठेतरी रोट बाहेर गया व्हई." मी दाराआड उभी होते. माझ्यामुळे माझ्या बापाचा पाय मोडला यात मला तिळमात्र शंका नव्हती. कोणाला सांगायची हिंमत नव्हती. मी देवासमोर बसून कानबाईला बोलले, की भाऊ चालायला लागेपर्यंत मी नसरीनशी बोलणार नाही. आणि बोलले नाही. तिने वही मागितली तर दिली नाही, डबा पुढे केला तर उठून गेले. ती दोन दिवस विचारत राहिली, माझं काय चुकलं? तिसऱ्या दिवशी तिने विचारणं सोडलं. रविवारी नानांच्या ओट्यावर ती एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. असे तीन रविवार गेले. एवढं एकटं मला त्यानंतर फार थोड्या वेळा वाटलं आहे.

चौथ्या रविवारी नानांनी माझी पाळी नसताना माझं नाव घेतलं. मी पाटावर बसले आणि सांगायला लागले, की एका गावात एक मुलगी होती. तिच्या घरी एक देवी पाहुणी यायची. मुलीने देवीचा प्रसाद मैत्रिणीला दिला... किर्र, किर्र, बंगई चालली होती. मैत्रीण परक्या घरची होती, म्हणून देवीला राग आला, म्हणून देवीने मुलीच्या वडिलांना गाडीवरून पाडलं... आणि पाय टेकला. बंगई थांबली. नसरीन माझ्याकडे पाहत होती.

नानांनी मला ओरडायचं, समजावायचं वगैरे काही केलं नाही. गोष्टीत पात्र कसं उभं करायचं हे शिकवताना जसं विचारायचे तसंच विचारलं, "तुझी ही देवी स्वभावाने कशी आहे? आम्हाला तिची नीट ओळखच झाली नाही." मी म्हटलं, चांगली आहे. नथ घालते. गाणी ऐकते. तिच्यापुढे म्हाताऱ्या बायकासुद्धा नाचतात आणि तिला राग येत नाही. नाना म्हणाले, "म्हणजे वर्षातून एकदा येते, रात्रभर गाणी ऐकते, सगळ्यांबरोबर नाचते. आणि जाता जाता एका पोरीने मैत्रिणीला घास दिला म्हणून तिच्या बापाची तंगडी मोडते? एवढी आनंदी बाई असं करेल? मला ही दोन्ही माणसं एक वाटत नाहीत बुवा. एकतर तुझी ओळख चुकली आहे, नाहीतर पाडणारा दुसरा कोणी आहे." तेवढ्यात टोकावरून नसरीन म्हणाली, "आणि रोट मी खाल्ला होता. पाडायचं तर मला पाडायचं. मी तर रोज सायकलवरून येते." मग जरा थांबून म्हणाली, "म्हणून बोलत नव्हतीस?" मी मान हलवली आणि मला रडू फुटलं. नाना एवढंच म्हणाले, "ज्याचा पाय मोडला त्याला विचारलंस का, कसा पडला ते?"

मी घरी गेले आणि विचारलं. भाऊ भिंतीला पाठ लावून प्लास्टरचा पाय पसरून बसले होते. माझा प्रश्न ऐकून ते असे काही भडकले की मी दोन पावलं मागे सरले. आई बाहेर आली, काय झालं म्हणाली. मग रोटाचं सगळं बाहेर पडलं. आईने कपाळावर हात मारून घेतला. भाऊंनी मात्र रोटाबद्दल अवाक्षर काढलं नाही, त्यांचा सगळा राग नानांवर. पोरींच्या डोक्यात काय भरवतो हा मास्तर, याचा वर्ग बंद, आता मीच जाऊन पाहतो. पुढच्या रविवारी खरोखरच भाऊ काखेत कुबडी धरून, वाटेत दोनदा थांबून, नानांच्या ओट्यावर हजर झाले. मी त्यांच्या मागे. मला वाटत होतं की आता हा वर्ग गेला, नसरीन गेली, सगळं गेलं.

"मास्तर, पोरीले काय शिकाडी राहिनात तुम्ही?" भाऊ दारातूनच म्हणाले.

नाना उठून उभे राहिले, त्यांना हात देऊन वर घेतलं, बसायला पाटाऐवजी स्टूल दिलं आणि म्हणाले, "भाऊ, भांडण करूच. पण इथला नियम आहे, आलेल्या माणसाने आधी एक गोष्ट सांगायची. तुम्ही पडलात कसे, तेवढी सांगा." आणि बंगईवर जाऊन बसले. किर्र, किर्र. समोर चौदा पोरं मांड्या घालून बसलेली. माझ्या बापाचं आयुष्यात कोणी एवढं मन लावून ऐकायला बसलेलं नव्हतं. ते खुलले. मिलमधून सुटी कशी झाली, पाऊस नुकताच कसा उघडला होता, फाटक कसं बंद होतं आणि गाडी गेल्यावर ते कसं उघडलं, पुढे केळीच्या घडांचा ट्रक कसा चालला होता, सगळं त्यांनी तब्येतीत सांगितलं. "आनि मंग," ते म्हणाले, "मनी गाडी आपोआप घसरनी."

पाय टेकला. बंगई थांबली.

भाऊंनी इकडे तिकडे पाहिलं. त्यांना हा प्रकार माहीत नव्हता, पण चौदा पोरं आपल्याकडे का टक लावून बसली आहेत हे कळायला वर्ग करावा लागत नाही. नाना म्हणाले, "रस्ता ओला होता, पटलं. ट्रक पुढे होता, पटलं. घसरली तेव्हा तुमचे हात कुठे होते?" भाऊंनी कुबडी या हातातून त्या हातात घेतली. मग माझा बाप, जो मिलच्या मालकापुढेही मान खाली घालत नसे, तो खाली पाटाकडे बघत म्हणाला, "तंबाखू मयी राहिंतू, नाना. दोन्ही हातघाई."

स्कूटर चालू आणि दोन्ही हात तंबाखू मळण्यात! आधी नसरीन हसली. मग सगळा ओटा हसला. अक्का आतून बाहेर आल्या आणि पदर तोंडाला लावून परत आत गेल्या. भाऊंनी डाव्या तळहातावर उजव्या अंगठ्याने तंबाखू कशी मळत होते ते करूनही दाखवलं. पडल्यावर सगळ्यात आधी त्यांनी चुन्याची डबी खिशात लपवली होती, आईला कळू नये म्हणून. आईने तंबाखू सोडायची शपथ घातलेली. आणि मग आईचं स्वयंपाकघरातलं रोटाचं बोलणं कानावर आल्यावर हे गप्प बसले, कारण तंबाखूपेक्षा कानबाईवर गेलेलं बरं. महिनाभर देवीने निमूटपणे माझ्या बापाच्या तंबाखूचा आळ अंगावर वागवला आणि इकडे मी त्याच्यापायी तोंड शिवून बसले होते. मला भाऊंचा राग आला होता, फार आला होता. पण छातीवरचा धोंडा उतरल्याचं सुख इतकं मोठं होतं की राग त्याच्यापुढे टिकेना. मी उठले आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला नसरीनजवळ जाऊन बसले. तिने कंपासपेटी सरकवून मला जागा करून दिली.

भांडण राहूनच गेलं. भाऊ जाताना म्हणाले, "नाना, घरी सांगू नका." पण चौदा पोरांच्या तोंडाला कोण कुलूप लावणार? आईला दुपारपर्यंत कळलं. पुढच्या श्रावणात मुठी मोजताना तिने सगळ्या भाऊबंदांसमोर भाऊंना ऐकवलं, "यंदा तुमना नावनी मूठ तंबाखूनीच लेस." नसरीनला मात्र तिने रोट दिला नाही, नियम तो नियम. तिच्यासाठी खिरीचा वेगळा डबा भरून पाठवला. नसरीनच्या मते खीर केव्हाही चांगली होती.

त्या दिवशी घरी निघताना मी मोठ्या ऐटीत नानांना म्हटलं होतं, "म्हणजे कानबाई नाहीच." मला वाटलं ते पाठ थोपटतील. ते बंगईवर बसले होते. पाय टेकला आणि बंगई थांबली. "हे कशावरून?" नाना म्हणाले. "तंबाखू खरी निघाली. तेवढ्याने देवी खोटी कशी ठरली? ते वेगळं सिद्ध कर." मी हिरमुसले. बारा वर्षांच्या पोरीला एक काहीतरी नक्की करून हवं असतं. पण आज पंचवीस वर्षांनी मला वाटतं की माझ्या विचार करण्याची सुरुवात त्या दुसऱ्या थांब्यापासून झाली. मी आज कानबाईपुढे गाणी म्हणते, फुगडीही घालते, आणि देवी कोपते यावर माझा विश्वास नाही. यात काही विसंगती असेल तर असू दे. मुलं मला वर्गात विचारतात, मॅडम, तुम्ही मानता का? तेव्हा नानांचं उत्तर ओठावर येतं आणि मी गिळून टाकते, ते त्यांचं होतं.

आणखी एक सांगायचं राहिलं. आई गेली तेव्हा दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी नानांकडे गेले होते. तेव्हा मी चांगली बी.एड. झालेली, शाळेत विज्ञान शिकवणारी बाई. मी पाटावर बसून बडबडत होते. आई आता सुटली, आई वरून बघते आहे, काल स्वप्नात आली आणि म्हणाली, मीठ कमी घाल... मी बोलत होते आणि एकीकडे वाट पाहत होते, आता पाय टेकेल, आता टेकेल. नाही टेकला. तासभर ते बंगईला रेटा देत राहिले. पुढे कधीतरी मी विचारलं, त्या दिवशी थांबवलं का नाही? ते म्हणाले, "त्या दिवशी तू गोष्ट कुठे सांगत होतीस?"

नाना गेल्यानंतर पाचव्या आठवड्यात मी पिंप्राळ्याला गेले. सुतकाच्या दिवसांमध्ये जाऊन आले होते, पण तेव्हा गर्दीत अक्कांशी बोलणं झालंच नव्हतं. नसरीन आधीच येऊन बसली होती. ती आता तिच्या अब्बांचं दुकान चालवते, हाताखाली चार बायका आहेत. अक्का ओट्यावर पाटावर बसल्या होत्या, बंगई रिकामी. मला म्हणाल्या, "तू वर बस. मी खालेच बरी शे." मी संकोचत बसले, पायाने रेटा दिला. किर्र आवाज आला तसं बरं वाटलं. अक्का म्हणाल्या, "भाऊजीनी तेल घालं व्हतं. आठ दिन मुकी व्हती बंगई. मी राख लाईसन बठ्ठं पुसं." म्हणजे पाहुण्यांना त्रास नको म्हणून धाकट्या दिरांनी कड्यांना तेल घातलं, आणि जन्मभर तेलाची वाटी घेऊन मागे लागलेल्या अक्कांनी ते राखेने घासून काढलं होतं.

मग त्या नानांच्या शेवटच्या सकाळबद्दल सांगायला लागल्या. हे त्यांनी आल्यागेल्याला किती वेळा सांगितलं असेल, शब्द अगदी ओळीने येत होते. रात्रभर धाप होती. पहाटे जरा शांत झाले. उजाडताना डोळे उघडले, खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. दीर पायाशी उभे होते. किर्र, किर्र. "आनि मंग," अक्का म्हणाल्या, "त्यासनी दोन्ही हात वर करात, जोडात, आनि देवनं नाव लिधं..."

माझा पाय टेकला. मी टेकवला नाही, देवाशप्पथ सांगते, तो आपला आपण टेकला. बंगई थांबली. नसरीनने माझ्याकडे पाहिलं आणि मला जमिनीत जावंसं वाटलं. नवरा जाऊन पाच आठवडे झालेल्या बाईला मी थांबवलं होतं. ही गोष्ट नाही, हे मला कळायला नको होतं? नानांनी माझ्या आईच्या वेळी तासभर बंगई चालू ठेवली आणि मी... मी पटकन रेटा द्यायला गेले, तर अक्कांनी हात पुढे करून कडी धरली.

त्या माझ्याकडे बघत होत्या. आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला आणि त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, पंचवीस वर्षांपूर्वी दारात हसल्या होत्या तशाच. "थांबनी ना?" त्या म्हणाल्या. "मी बी दरवेळे तठेच थांबस. भाऊजी पायजोडे व्हतात, त्यासले हात जोडेल दिसनात. मी उशाजोडे व्हतू. त्या चष्मा मांगी राहिंतात."

"चष्मा?" नसरीनने विचारलं.

"चष्मा. उजाडं व्हतं ना, म्हणे नीट दिसत नही." अक्कांनी डोळे पुसले. नानांनी चष्म्यासाठी पुढे केलेले दोन्ही हात पायाशी उभ्या दिरांना जोडलेले दिसले, त्यांना वाटलं, भावाने शेवटी हात जोडले. त्यांना तेवढाच आधार, मग मी कशाला मोडू, म्हणून मी सगळ्यांना तसंच सांगते, असं त्या म्हणाल्या. पाच आठवडे त्या हे सांगत होत्या आणि पाच आठवडे कोणीतरी थांबवेल म्हणून वाट पाहत होत्या. तीस वर्षं दाराआडून वर्ग ऐकलेली ती बाई आमच्या सगळ्यांच्या पुढची विद्यार्थिनी होती, आणि आम्ही तिला कधी पाटावर बसवलं नव्हतं. चष्मा दिला का, मी विचारलं. दिला, त्या म्हणाल्या. घातला. मग बराच वेळ माझ्याकडेच बघत होते.

नसरीनने आतून शेवटची वही आणली. अर्धी कोरी होती. मी लिहिलं, 'हात जोडले तिथे थांबली. चष्मा मागत होते.' सांगणाऱ्याचं नाव लिहायच्या जागी अक्कांनी स्वतः सही केली. मग मी म्हटलं, अक्का, आता तरी सांगा. तुम्ही साठ वर्षं त्यांच्याबरोबर काढलीत. नाना देव मानत होते की नव्हते?

अक्कांनी पाटावरून उठत, गुडघ्यावर हात टेकत, माझ्याकडे पाहिलं. "पुढला रविवारले ये," त्या म्हणाल्या. "सांगस."

रविवार परवा आहे. धुळ्याला गाडी बदलून नऊच्या आत पिंप्राळा गाठायचं तर साक्रीहून पहाटेची एसटी धरावी लागेल. लेकीला बरोबर नेणार आहे, तिने आत्तापासूनच विचारून ठेवलंय की पाटावर आधी कोण बसणार. काल नसरीनने ग्रुपवर लिहिलं, 'रविवारी नऊ वाजता अक्का गोष्ट सांगणार आहेत. कोण येतंय?' त्याखाली हे लिहीपर्यंत सतरा 'किर्र' आलेले आहेत.